सांध्याला दिलेली ऊब

सरसावर काम केलेले मिस्त्री आता फारच थोडे उरले असतील. मी ज्यांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलो, ते त्यांतलेच. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो तपकिरी सरस रात्री पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ करायचा. साठ अंशांच्या आसपास तो कामाला चांगला. उकळी लागली तर त्यातला जोर जातो. मिस्त्रींकडे थर्मामीटर नव्हता. ते सरसात करंगळी टेकवून बघत. हात चटकन मागे यायला हवा, पण फोड येता कामा नये, एवढाच हिशोब. आणि सरस लावण्याआधी लाकडाची दोन्ही तोंडं ते छिलक्यांच्या जाळावर शेकून घेत, कारण गार लाकडावर सरस टेकल्याबरोबर गोठतो आणि सांधा नुसता दिसायला जुळतो. “गोंदाला काय शेकायचं, लाकडाला शेक,” असं ते म्हणायचे. तेव्हा मला ते सरसापुरतंच वाटलं होतं.

पुढे दोन डब्यांचा गोंद, इपॉक्सी, आला. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, ठरलेल्या प्रमाणात कालवायचं आणि लावायचं. सरस उष्णतेनं पातळ होतो आणि थंड होऊन धरतो. इपॉक्सीत दोन्ही गोष्टी उष्णतेच्याच अंगानं होतात: आधी तो पातळ होतो, मग त्याच उष्णतेनं लवकर घट्ट होतो. हा ‘आधी’ आणि ‘मग’ नीट समजायला माणसाला काही वर्षं द्यावी लागतात. तोपर्यंत हीट गन हातात असलेला प्रत्येक जण स्वतःला हुशार समजत असतो.

एक सांगून ठेवतो. घरगुती फर्निचरच्या शंभरातल्या नव्वद सांध्यांना इपॉक्सी लागत नाही. रंधा नीट मारलेला असेल, बसण घट्ट असेल, तर पांढरा गोंद पुरतो आणि स्वस्तही पडतो. इपॉक्सी लागतो तो सांध्यात फट असेल, लाकडाला पितळ किंवा लोखंड जोडायचं असेल, वस्तू पाण्यापावसात राहणार असेल, किंवा सागासारखं तेलकट लाकूड असेल तिथं. सागाचं तोंडसुद्धा चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोननं पुसून घ्यावं लागतं. आणि अर्थात हल्लीची ती टेबलं, ज्यांच्या दोन फळ्यांच्या मधून निळी नदी वाहते. त्यांच्याबद्दल पुढे बोलतो. माझं त्यांच्याशी फारसं पटत नाही, पण घर त्यांच्यावरही चालतं.

आमचं वर्कशॉप नाशिकजवळ आहे. पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी विटांची भिंत. डिसेंबर-जानेवारीत इथं पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि निफाडकडे त्याहून खाली. द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. इपॉक्सीच्या डब्यांवर लिहिलेल्या वेळा मात्र बहुधा पंचवीस अंशांच्या असतात. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम इथं लागू पडतो: तापमान दहा अंशांनी उतरलं की प्रक्रियेचा वेग साधारण निम्मा होतो. म्हणजे पंचवीस अंशांना जो सांधा आठ तासांत क्लॅम्पमधून सोडता येतो, त्याला पंधरा अंशांना सोळा तास लागतात. पहाटेच्या आठ-नऊ अंशांत तर काम इतकं मंदावतं की सकाळी येऊन बघावं तर गोंद अजून नखाला लागतो. पांढरा गोंदही फार थंडीत दगा देतो. तो वाळून खडूसारखा पांढरा पडला की समजावं, त्याची सलग पापुद्री धरलीच नाही.

अशा वेळी नव्या पोराच्या डोक्यात पहिली कल्पना येते ती हार्डनर थोडा जास्त घालण्याची. चुना-सिमेंटच्या कामात वाढलेल्या माणसाला ते अगदी साहजिक वाटतं. पण रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंफले जातात, दोघांच्या हातांची संख्या ठरलेली असते. हार्डनर जास्त झाला तर त्याचे हात रिकामे राहतात आणि सांधा कायमचा चिवट-मऊ होतो. लवकर हवं असेल तर त्याच कंपनीचा जलद हार्डनर घ्यावा किंवा ऊब द्यावी. प्रमाणाला हात लावू नये. थंडीत प्रमाण चुकण्याचं आणखी एक कारण आहे. रेझिन घट्ट होतं, पंपातून पूर्ण येत नाही, भांड्याला चिकटून राहतं, आणि आपण मात्र दाब मोजून खूश. म्हणून आम्ही हिवाळ्यात वजनकाट्यावरच मोजतो. कधी कधी रेझिन डब्यातच रवाळ होतं, थिजलेल्या तुपासारखं. पोरं ते खराब झालं म्हणून टाकायला निघतात. डबा गरम पाण्यात, पन्नास-साठ अंशांत, धीरानं ठेवला की ते पुन्हा नितळ होतं. नंतर त्याला खोलीच्या तापमानावर येऊ द्यायचं आणि मगच कालवायचं.

ही ‘मगच’ची अट का, ते एका प्रसंगातून सगळ्या वर्कशॉपला पटलं. मोठं काम होतं, आठ-दहा सांधे एकदम लावायचे होते. एकानं गरम झालेल्या रेझिनमध्येच हार्डनर ओतला, अर्ध्या लिटरचं भांडं भरून कालवलं, आणि ब्रश शोधायला गेला. तो परत येईपर्यंत भांड्यातून वाफ निघत होती. प्लास्टिकचं भांडं वाकडं झालं, आतला गोंद पिवळा पडून फेसाळला आणि दगड झाला. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतो. भांड्यात तो गोळा असतो, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते; उष्णतेनं प्रक्रिया वेगात होते आणि वेगामुळे उष्णता आणखी वाढते. तोच गोंद लाकडावर पातळ पसरला असता तर त्याला घट्ट व्हायला रात्र लागली असती. तेव्हापासून आमच्याकडे कालवलेला गोंद लगेच पसरट ट्रेमध्ये ओततात. आणि उरलेला गोंद भुशाच्या पिंपात टाकायची सक्त मनाई आहे. तापलेला गोळा आणि कोरडा भुसा यांची गाठ पडली की रात्री काय होईल सांगता येत नाही. उरलेलं भांडं बाहेर, वाळूवर.

या प्रसंगात दडलेली दुसरी गोष्ट मला बरीच नंतर उमगली. गोंद पिकला की नाही हे बघायला सगळे जण भांड्यातला उरलेला गोंद दाबून बघतात. तो साक्षीदार खोटा आहे. भांड्यातला गोळा स्वतःच्या उष्णतेनं लवकर पिकतो. सांध्यातल्या कागदाइतक्या पातळ थराला ती सोय नसते, त्याची उष्णता लाकूड ओढून घेतं. म्हणून त्याच लाकडाच्या एका तुकड्यावर तोच गोंद तेवढाच पातळ लावून तो कामाशेजारी ठेवायचा आणि त्याला नख लावून बघायचं. नख उमटलं नाही तर क्लॅम्प सोडायचे.

आता हीट गन. सांध्यावर गरम हवा मारली की गोंद पाण्यासारखा पातळ होतो आणि कडांवरून ओघळू लागतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, छान भरला. आत मात्र उलटं चाललेलं असतं. थोडा गोंद वाहून जातो, थोडा लाकडाच्या रंध्रांत, विशेषतः आडव्या कापाच्या तोंडात शिरतो, आणि सांध्याच्या दोन पृष्ठांमध्ये पुरेसा राहतच नाही. असा उपाशी सांधा पहिल्या महिन्यात काही सांगत नाही. शिवाय लाकूड उष्णता फार हळू वाहून नेतं. पाऊण इंच सागाच्या फळीखालच्या सांध्यापर्यंत ऊब पोहोचायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट होतो. हीट गन चालवणाऱ्याचा हात पाच मिनिटांत दुखू लागतो. तेवढ्यात वरची पॉलिश फोडांनी भरते, कडा काळवंडते, आणि सांधा होता तिथंच गार असतो. कच्च्या गोंदाच्या वाफा नाकात जातात, ते वेगळंच. आमच्यातल्या एकाला इपॉक्सीची अ‍ॅलर्जी झाली. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग मनगटापर्यंत पुरळ, आणि शेवटी नुसत्या डब्याजवळ उभं राहिलं तरी डोळे सुजायचे. चांगला कारागीर होता, त्याला हे काम सोडून पॉलिशकडे जावं लागलं. तेव्हापासून हातमोजे न घालणाऱ्याशी मी वाद घालत बसत नाही, त्याला दुसरं काम देतो.

शेगडीचा प्रयोगही होऊन गेला. थंडीच्या दिवसांत काही जणांनी संध्याकाळी दार लावून कोळशाची शेगडी पेटवली, खोली छान उबदार झाली. सकाळी टेबलाच्या इपॉक्सी लावलेल्या पृष्ठावर तेलकट, मेणचट थर. पॉलिश त्यावर धरेना, जिथं तिथं गोळा होऊन सरकायची. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून हा थर तयार होतो. शेगडीनं दोन्ही गोष्टी पुरवल्या होत्या. बंद खोलीत कोळसा जाळून माणसाला काय होऊ शकतं, ते वेगळं सांगायला नको. थर निघतो, पण घासकागदानं नाही. कागद तो पसरवतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा काथ्या, मग कोरडं पुसणं, आणि त्यानंतर घासकागद. कोकणातल्या पावसाळ्यात काम करणाऱ्यांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. तिकडे हा थर काही न पेटवताही येतो.

या सगळ्यातून पेटी आली. प्लायची, आतून थर्माकोलचं अस्तर, तळाशी चार साठ वॅटचे पिवळे बल्ब आणि त्यांच्यावर जाळी. तापमान सांभाळायला अंडी उबवण्याच्या यंत्रातला थर्मोस्टॅट लावला. नाशिक भागात कोंबड्यांचा धंदा मोठा, त्यामुळे असे सुटे भाग सहज मिळतात. पिल्लांसाठी तो साडेसदतीसवर ठेवतात, आम्ही चाळीस-पंचेचाळीसवर. कोपऱ्यात एक लहान पंखा, नाहीतर बल्बांजवळची बाजू भाजते आणि लांबची गारच राहते. पाण्याची एक वाटीही ठेवतो. कोरड्या उबेत लाकूड स्वतःचा ओलावा सोडतं, आकसतं, आणि सांध्याची काळजी करता करता फळीच वाकते किंवा टोकाला तडकते. पावसाळ्यात आलेल्या ओल्या लाकडाला तर पेटी दाखवूच नये.

सगळ्यात उपयोगी पडली ती भोकाची युक्ती. कामातल्याच जाडीचा एक फाजील तुकडा घ्यायचा, त्याच्या मध्यापर्यंत भोक पाडून थर्मामीटरचं टोक आत खुपसायचं. पेटीतली हवा पंचेचाळीस दाखवत असते तेव्हा लाकडाचं पोट पंचवीसवरच असतं. वेळ मोजायची ती पोट तापल्यापासून.

आणि इथं मिस्त्री आठवतात. गोंद लावून मग पेटीत ठेवण्याऐवजी लाकूडच आधी पेटीत ठेवावं, पस्तीसपर्यंत येऊ द्यावं, बाहेर काढून गोंद लावावा, क्लॅम्प करावं आणि पुन्हा ठेवावं. गरम लाकडात गोंद नीट भिनतो, आणि लाकडाकडे साठलेली ऊब आतून सांध्यालाच मिळते. गोंद मात्र खोलीच्या तापमानाचाच, म्हणजे हाताशी वेळ राहतो.

लेप द्यायचा असेल तेव्हा ही रीत आणखी पुढे नेता येते. बाभूळ, शिरीष असल्या लाकडांना भेगा, गाठी, किडीची भोकं असतात. सकाळी उन्हं चढताना लेप दिला तर लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि लेपातून बुडबुडे वर येत राहतात. एक फोडावा तोवर दुसरा. तेच काम उन्हं कलल्यावर केलं, तापलेली फळी निवत असताना, तर आतली हवा आकसते आणि लेप भोकांत ओढून घेते. दुपारी सगळं घासून-पुसून फळ्या पत्र्याखाली तापू द्यायच्या आणि साडेचार-पाचला डबे उघडायचे, असा आमचा शिरस्ता झाला. ग्राहकांना वाटतं, हे लोक दिवसभर काही करत नाहीत.

मला उष्णतेबद्दल सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्या कुणीतरी बनवलेल्या एका झुलत्या खुर्चीनं. चंद्रपूरकडच्या एका कुटुंबानं ती दुरुस्तीला पाठवली होती. खाली झुलण्यासाठी दोन कमानी, पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून साच्यात वाकवलेल्या. काम देखणं होतं. खुर्ची गच्चीच्या पडवीत असायची, दुपारनंतर तिच्यावर ऊन यायचं. दोन उन्हाळ्यांत कमानींची वाक कमी झाली होती आणि खुर्ची मागे झुलवली की अडखळायची. कुठंही तडा नाही, कुठंही सांधा उघडा नाही. ग्राहकाला वाटत होतं, लाकूड कच्चं असणार.

मी कमानीचं टोक भिंगाखाली धरलं. कापताना सगळ्या पट्ट्यांची टोकं एका रेषेत असणार. आता तिथं बारीक पायऱ्या झाल्या होत्या, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवरून केसभर सरकलेली. गोंद सुटला नव्हता. तो वाहिला होता.

याचं कारण इपॉक्सीच्या स्वभावात आहे. तो घट्ट होत जातो तसतसे त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. एक वेळ अशी येते की रेणूंना हलायलाच जागा उरत नाही, आणि काही टोकं मोकळी असतानाच काम थांबतं. हे किती लवकर थांबेल ते तापमानावर ठरतं. पंचवीस अंशांच्या खोलीत कितीही आठवडे ठेवला तरी साधा इपॉक्सी त्या तापमानाच्या फार पुढे जाऊ शकत नाही. साधारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास तो नरमू लागतो. नरमतो म्हणजे वितळत नाही, रबरागत होतो. हलका भार असेल तर फरकही कळणार नाही. पण वाकवलेल्या पट्ट्या सतत सरळ व्हायला बघत असतात, त्यांचा ताण सुटतच नाही. चंद्रपूरचा मे महिना, सावलीतच पंचेचाळीसच्या पुढे, त्यात गडद पॉलिशची कमान उन्हात. ती साठीच्या वर जात असणार यात मला शंका नाही. रोज दुपारी गोंद थोडा मऊ, रोज दुपारी पट्ट्या थोड्या सरळ.

तोच सांधा आधी घट्ट झाल्यावर पुन्हा साठ अंशांत काही तास ठेवला असता तर अडकलेले रेणू हलले असते, उरलेली टोकं जुळली असती, आणि नरमण्याचं तापमानही वर सरकलं असतं. किती वर, ते त्या त्या इपॉक्सीवर असतं. चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात तक्ता देतात. ते पत्रक डब्याबरोबर येत नाही, मागावं लागतं, आणि आपल्याकडे कुणी मागत नाही. सांधा ज्या तापमानात पिकला त्याच्या थोडं वरपर्यंतच तो भरवशाचा, ही गोष्ट मला त्या खुर्चीआधी पुस्तकी वाटायची. ऊब म्हणजे वेळ वाचवण्याचं साधन, एवढीच माझी समज होती.

खुर्ची सोडवायलाही उष्णताच कामाला आली. पिकलेला इपॉक्सी अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, पण पुरेसा तापवला तर सुटतो. कमानी पेटीबाहेरच, आता मात्र हीट गननंच, एका टोकाकडून तापवत नेल्या, आणि पातळ पात्याची पट्टी सरकवत पट्ट्या एकेक करून वेगळ्या केल्या. दोन पट्ट्या फाटल्या, त्या नव्या केल्या. जुना गोंद खरवडून स्वच्छ लाकूड लागेपर्यंत घासला. मग पुन्हा साच्यात, खोलीच्या तापमानाला रात्रभर. घाई तिथं करायची नाही. नुकता लावलेला गोंद थेट साठ अंशांत नेला तर तो पातळ होऊन वाहणार आणि साच्याच्या दाबानं बाहेर पडणार. दुसऱ्या दिवशी नख उमटेनासं झाल्यावर, क्लॅम्प न सोडता, साच्यासकट पेटीत; तासाला थोडे थोडे अंश वाढवत साठपर्यंत, तिथं रात्रभर, आणि बल्ब बंद करून पेटीतच निवू द्यायचं. निवायच्या आधी क्लॅम्प सोडला तर सगळी मेहनत पाण्यात. गरम गोंद नरमच असतो आणि पट्ट्या वाटच बघत असतात.

तेव्हापासून काम घेताना मी एक प्रश्न विचारतो, जो ग्राहकांना विचित्र वाटतो: वस्तू कुठं राहणार? पुण्यातल्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत राहणार असेल तर साधी रीत पुरते. विदर्भात, पश्चिमेच्या खिडकीत, गच्चीवर, किंवा बंद गाडीत राहणार असेल तर दुसऱ्या फेरीची ऊब बिलात धरतो. विजेचा खर्च फार नसतो, पण पेटी एक दिवस अडकते. काही जण तो आकडा खोडायला सांगतात. मग मी तिथं पांढऱ्या गोंदाचाही आग्रह धरत नाही, कारण उन्हात सतत ताणाखाली तोही सरकतो. सरळ चौकटीची, स्क्रूची रचना सुचवतो.

ऊब आणि गोंद यांचं हे नातं मोठ्या कामांनीही फार पूर्वी अनुभवलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं ‘मॉस्किटो’ विमान बहुतांश लाकडाचं होतं, बर्चच्या प्लायमध्ये हलकं बाल्सा भरून केलेलं. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीनं त्यासाठी कृत्रिम गोंद दिला, आणि सांध्यावर धातूच्या पट्ट्या ठेवून त्यांतून कमी दाबाची वीज सोडून तो गोंद लवकर पिकवण्याची रीतही काढली. आज आपण सांध्याभोवती विजेचं ब्लँकेट गुंडाळतो, त्याचाच हा पूर्वज. तीच विमानं भारतात आणि ब्रह्मदेशात उडत असताना १९४४ च्या शेवटी काहींचे पंख हवेत निकामी झाले आणि उड्डाणं थांबवावी लागली. कुणी इथल्या उष्ण-दमट हवेकडे बोट दाखवलं, तर तपासात सांध्यांच्या बसणीत राहिलेल्या फटीही सापडल्या. लाकडी सांध्याचे खटले असेच असतात. हवा, बसण, गोंद, तिघांचीही नावं निघतात.

नदीच्या टेबलांबद्दल सांगायचं राहिलं होतं. तिथं सगळं उलटं. दोन-अडीच इंच जाडीचं रेझिन ओतताना ऊब देणं दूरच, ती काढून घेण्याची धडपड करावी लागते. नाशिकचा एप्रिल, पत्र्याचं छप्पर, दुपारी ओतलं तर मध्यभागी तापून ते पिवळं पडतं, आकसतं, लाकडापासून कड सोडतं, कधी आरपार तडकतं. अशा कामांसाठी आम्ही जाड थराचंच वेगळं, मंद रेझिन वापरतो, रात्री दहानंतर ओततो, थर थर करून ओततो, आणि साच्याखाली पंखे लावतो. पहिला थर पूर्ण घट्ट व्हायच्या आधी, अजून चिकट असताना दुसरा ओतला तर दोन्ही एकजीव होतात; ती वेळ चुकली तर घासून मगच. त्या रात्री वर्कशॉपमध्ये कुणी तरी जागं राहतं. मी आता फारसा राहत नाही. पोरं राहतात आणि मोबाइलवर क्रिकेट बघत दर तासाला थर्मामीटर बघतात.

पेटीची सध्याची अडचण वेगळीच आहे. एलईडीचा काळ आला आणि पिवळे बल्ब दुकानांतून नाहीसे झाले. एलईडी प्रकाश देतो, ऊब जवळजवळ नाही. जुना साठा संपल्यावर मी पुन्हा कोंबड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथं पिल्लांसाठी सिरॅमिकचे, उजेड न देणारे हीटर मिळतात. बल्बाच्याच होल्डरमध्ये बसतात आणि टिकतातही जास्त. चार मागितले. दुकानदारानं काढता काढता विचारलं, “शेठ, पिल्लं किती आहेत? त्या हिशोबानं वॅट देतो.” मी म्हटलं, सहा खुर्च्या आहेत. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि शंभर-शंभर वॅटचे चार दिले.